उसना भाचा

गोंदियाजवळच्या कुडव्यात शेजाऱ्याकडून काय उसनं मागावं आणि काय मागू नये, याचे काही अलिखित नियम आहेत. विरजण मागावं, शिडी मागावी, मिक्सरचं भांडं मागावं, पाहुणे जास्त झाले तर गाद्यासुद्धा मागाव्यात. झाडू मागू नये, आणि तिन्हीसांजेला मीठ तर मुळीच मागू नये. घनश्यामजींच्या ओमेशने जे मागून आणलं त्याबद्दल मात्र कुठलाच नियम नव्हता, कारण तसं कोणी आजवर मागितलंच नव्हतं. त्याने शेजारच्या दुर्गाताईचा चार वर्षांचा मुलगा उसना आणला.

याच्या मुळाशी एक जपानी चित्रकथा होती. मांगा म्हणतात त्या प्रकाराला. रसायनशास्त्राचं पुस्तक उभं धरून त्याच्या आत मोबाइल ठेवला की बारावीचा अभ्यासही दिसतो आणि मांगाही वाचून होतो, हा शोध ओमेशने स्वतः लावला होता. त्या कथेतला मुलगा सतरा वर्षांचा, म्हणजे अगदी ओमेशच्या वयाचा. त्याची मोठी बहीण दूरदेशी नोकरीला जाते आणि आपली चिमुरडी त्याच्या गळ्यात टाकते. मग तो सकाळी उठून तिची वेणी घालतो, डब्यातल्या भाताला नाक-डोळे काढतो आणि तिला कडेवर घेऊन शाळेच्या रस्त्याने निघतो. वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी हे पाहते आणि साधारण चाळिसाव्या पानावर तिच्या डोळ्यांत तारे चमकू लागतात. मागे फुलांच्या पाकळ्याही उडतात. पाकळ्यांची सोय गोंदियात होणं कठीण आहे हे ओमेशला मान्य होतं, पण बाकीचं सगळं त्याला जमण्यासारखं वाटलं.

त्याच्या वर्गातली अबोल मुलगी म्हणजे प्रेरणा. ती आमगावहून गाडीने गोंदियाला शिकवणीला यायची. वर्षभरात ती ओमेशशी एकदाच बोलली होती, आणि ते वाक्य होतं, "थोडं सरक." ओमेशने त्या वाक्यावर बराच विचार केला होता. तिने 'थोडं' म्हटलं, 'पूर्ण' नाही म्हटलं, एवढ्यावर त्याचे तीन महिने गेले होते. एरवी पोरीचं लक्ष जावं असं त्याच्याजवळ काही नव्हतं. मोटारसायकल नव्हती, केस कितीही पाणी लावलं तरी उभे राहायचे, आणि आवाज ऐन मोक्याला फाटायचा.

अडचण एकच होती. बहीण होती, पण तिला मूल नव्हतं. टीनाताईचं लग्नच अजून व्हायचं होतं. तेव्हा मूल बाहेरून आणणं भाग होतं.

दुर्गाताई गोंदियाला कापडाच्या दुकानात कामाला जायची. नवरा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. ओमेशने एक दिवस तिच्या दारात उभं राहून विचारलं की गुड्डूला दुपारी अंगणवाडीतून आणून पाच वाजेपर्यंत मी सांभाळू का, तेव्हा तिला आधी ऐकू आलं ते खरंच वाटेना. मग खरं वाटल्यावर तिने दोन दिवसांचे कपडे, दुधाची बाटली आणि गुड्डूला झोप येत नसेल तर काय करायचं याच्या सूचना एका दमात दिल्या. ओमेशच्या आईला, सुशिलाबाईंना, हे कळलं तेव्हा त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. जो मुलगा स्वतःचा पाण्याचा तांब्या स्वतः भरत नाही, त्याला दुसऱ्याचं पोर सांभाळायची बुद्धी होते, म्हणजे एकतर ताप आहे नाहीतर परीक्षेत नापास झाला आहे, असा त्यांचा अंदाज होता.

पहिली ठेच अंगणवाडीत लागली. सेविकाबाई नियमाच्या पक्क्या. मूल न्यायला येणाऱ्याचं नाव, आधारची झेरॉक्स आणि मुलाशी नातं, अशी रजिस्टरात नोंद हवी. ओमेशने नात्याच्या रकान्यात 'शेजारी' लिहायला पेन टेकवलं, तर बाईंनी ते हातातून काढून घेतलं. शेजारी हे नातं नव्हे, नातेवाईक असेल तरच मूल मिळेल, असं त्यांनी सांगितलं. ओमेशने क्षणभर विचार केला. मांगातला मुलगा मामाच होता. त्याने लिहिलं, 'मामा'. खाली सही केली, बाईंनी शिक्का मारला, आणि सरकारी कागदावर गुड्डू त्याचा भाचा झाला.

त्याच दुपारी सायकलच्या दांडीवर गुड्डूला बसवून तो शिकवणीला गेला. सरांनी गुड्डूकडे पाहून एवढंच म्हटलं की मागच्या बाकावर बसून वही उघडणारा हा पहिला विद्यार्थी. सुटल्यावर प्रेरणा स्टेशनच्या ऑटोसाठी उभी होती. ओमेशने गुड्डूला कडेवर घेतलं, चित्रातल्यासारखी मान थोडी वाकडी केली आणि तिच्यासमोरून हळूहळू गेला. आणि खरोखरच, चाळीस पानं न लागता, ती बोलली. तिने विचारलं, हा कोण. ओमेशने सांगितलं, भाचा. तिने विचारलं, सख्ख्या बहिणीचा? इथे खरं बोलायला वाव होता. पण मांगात बहीण सख्खी होती. ओमेश म्हणाला, हो, टीनाताईचा.

प्रेरणाने मग जे विचारलं ते कुठल्याही जपानी पुस्तकात नव्हतं.

"मग पाया पडलास का त्याच्या?"

या मुलखात भाचा म्हणजे देव. मामा सरपंच असो की मास्तर, भाच्यासमोर वाकतो. भाच्याला उष्टं देत नाहीत, भाच्याला रागे भरत नाहीत, आणि त्याच्यावर हात तर कोणीच उचलत नाही. भाच्याला मारलं की म्हातारपणी तो हात थरथर कापायला लागतो, हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे. आता ज्याने मांगाची चाळीस पानं अभ्यासली त्याने आपल्या घरातल्या रीतीचा अभ्यास करू नये, ही चूक कोणाची म्हणायची? ओमेशने गुड्डूला फुटपाथवर उभं केलं, वाकला आणि भर रस्त्यात त्याच्या धुळीच्या पायांना हात लावला. ऑटोवाले बघत होते. गुड्डूही बघत होता. पहिल्या दिवशी त्याला गुदगुल्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तो गंभीर झाला. तिसऱ्या दिवशी ओमेश अंगणवाडीच्या दारात पोचायच्या आधीच त्याने पाय पुढे करून ठेवला होता.

गुड्डू बुद्धीने तल्लख होता. आपल्याला कोणी रागावू शकत नाही हे चार वर्षांच्या माणसाला कळलं की तो काय करेल याची कल्पना केलेली बरी. त्याने रसायनाची वही बादलीत बुडवली. घनश्यामजींचा चष्मा तुळशीच्या कुंडीत पेरला. ओमेशचा हात एकदा कानाकडे गेलाही, पण समोरच्या ओट्यावर शालीकरामजी बसलेले असत. हे निवृत्त मास्तर. निवृत्त झाल्यापासून त्यांनी सगळा मोहल्लाच वर्ग मानला होता. आजकालच्या पोरांमध्ये शेजारणीच्या लेकराला भाचा मानून रोज पाया पडणारा पोरगा निघाला, याचं त्यांना इतकं कौतुक की ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ओमेशचा दाखला देत. "हात कापतीन, बेटा," असं ते ओट्यावरूनच सांगायचे, आणि ओमेश हात खिशात घालायचा. त्यांचं ऐकून गल्लीतल्या आणखी दोन बायका आपापली पोरं घेऊन आल्या. एकीने तर जुळी आणली होती. ओमेशने त्यांना अंगणवाडीच्या रजिस्टरात जागा नाही असं सांगून वाटेला लावलं.

प्रेमाची प्रगती म्हणावी तर होत होती. प्रेरणा रोज दहा-पंधरा मिनिटं थांबायची. फक्त त्यातली चौदा मिनिटं ती गुड्डूशी बोलायची. मांगात मुलगी लेकराच्या डोक्यावरून मुलाकडे बघते. इथे प्रेरणा गुड्डूच्या डोक्याकडेच बघायची, त्याला बिस्किटाचा पुडा द्यायची आणि ओमेशला सांगायची की याचा शेंबूड पूस. महिन्याभरात ओमेशची आणि तिची जी काही बोलणी झाली ती सगळी सर्दी, जंत आणि नखं या विषयांवर.

मात्र या महिन्यात काहीतरी झालं होतं खरं. गुड्डू भात कसा खातो, तर ताटाच्या कडेने गोल-गोल, आणि मधला ढीग शेवटी, हे ओमेशला माहीत झालं होतं. त्याला ताप आला त्या दिवशी शिकवणी बुडवून ओमेश त्याला खांद्यावर टाकून अंगणात फिरत राहिला. तेव्हा बघायला कोणी नव्हतं. ते पोर त्याला आवडायला लागलं होतं, सरळ सांगायचं तर. पण हे त्याने स्वतःशीही कबूल केलं नव्हतं, कारण योजनेत ते बसत नव्हतं.

अशात टीनाताईला स्थळ आलं. आमगावचं. चुन्नीलालजींचं बियाण्यांचं दुकान, घरची धानाची शेती, मुलगा चंद्रकुमार दुकान सांभाळतो, स्वभावाने शांत. टीनाने फोटो पाहून "बरा आहे" म्हटलं, आणि टीनाच्या तोंडून 'बरा' म्हणजे पुष्कळ झालं. ती कोणालाही पास करत नसे. घनश्यामजींना तर हे स्थळ हातचं जाऊ नये असं इतकं वाटत होतं की त्यांनी भिंतींना रंग काढला. रविवारी पाहुणे येणार असं ठरलं.

गुरुवारी संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना चुन्नीलालजींचा फोन आला. घनश्यामजी आधी हसत बोलले, मग नुसते बोलले, मग फक्त ऐकू लागले. चुन्नीलालजींचं म्हणणं असं होतं की तुमच्या मुलीला चार वर्षांचं मूल आहे ही गोष्ट तुम्ही आधी सांगायला पाहिजे होती. घनश्यामजींनी शपथा घातल्या. तिकडून उत्तर आलं की आमच्या भाचीने ते मूल डोळ्यांनी पाहिलं आहे, ती इथे आमच्याकडेच राहून शिकते, आणि तिने तर तुमच्या मुलाची तारीफच केली, की किती जीव लावतो म्हणून. भाची कधी खोटं बोलत नाही. त्या घरात रोज सकाळी तिच्या पाया पडून मगच दुकान उघडत होते, तेव्हा तिच्या शब्दापुढे घनश्यामजींच्या शपथांचं काय चालणार?

ओमेशच्या हातातला घास हातातच राहिला. त्याने भाचीचं नाव विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. त्याने ताटावरच सगळं सांगून टाकलं, मांगापासून फुटपाथपर्यंत. सुशिलाबाईंनी पदर तोंडाला लावला.  टीना उठली, तिने हात धुतला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. टीना रागावली की भांडी आपटते हे ओमेशला माहीत होतं. दार लावून घेणारी टीना त्याने पहिल्यांदाच पाहिली.

घनश्यामजी तहसिलात अभिलेख शाखेत होते. चोवीस वर्षं त्यांनी लोकांना एकच वाक्य ऐकवलं होतं, नोंद आहे म्हणजे आहे. शुक्रवारी रजा टाकून ते अंगणवाडीत गेले आणि गुड्डू हा आपला नातू नसल्याचा दाखला मागितला. सेविकाबाईंनी रजिस्टर उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. ओमेश, नातं मामा, सही, शिक्का. घनश्यामजींनी सांगितलं की ही नोंद चुकीची आहे. बाई म्हणाल्या, खोडता येणार नाही, अर्ज करा, मुलाच्या आईची सही आणा, मग पर्यवेक्षिका येतील, पुढच्या महिन्यात. घनश्यामजी थोडे चढ्या आवाजात बोलले. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, नोंद आहे म्हणजे आहे." परत येताना घनश्यामजी वाटेत दोनदा थांबले.

शालीकरामजींच्या सल्ल्याने मग एक फाइल तयार झाली. टीनाचा दहावीचा दाखला, बारावीचा, पदवीचा, गेल्या पाच वर्षांत ती कुठे होती त्याची हजेरी. पण खरा पुरावा म्हणजे दुर्गाताई. ती रविवारी स्वतः येऊन सांगेल, असं ठरलं, फक्त हे तिलाच सांगायचं सगळ्यांकडून राहून गेलं. टीनानेच चंद्रकुमारला फोन करून सांगितलं की या आणि डोळ्यांनी बघा, मग काय ते ठरवा. आणि ते यायला तयार झाले.

रविवारी सकाळी दुर्गाताईला निरोप आला की नवऱ्याचा ट्रक दुपारपर्यंत हायवेवर कोहमारा गावच्या ढाब्यावर थांबणार आहे. वीस दिवसांनी नवरा दिसणार होता. ती गुड्डूला मामाच्या हवाली करून बसमध्ये बसली, दोन तासांत येते म्हणाली. हे तिने सुशिलाबाईंना सांगितलं, आणि सुशिलाबाई त्या वेळी पोह्यांच्या कांद्यात इतक्या बुडाल्या होत्या की त्यांनी मान हलवली. पाहुण्यांची गाडी दारात लागली तेव्हा दुर्गाताईच्या घराला कुलूप होतं.

चुन्नीलालजी आले, चंद्रकुमार आला, चुन्नीलालजींची म्हातारी आई काठी टेकत आली, आणि सगळ्यांच्या मागून प्रेरणा. ओमेशला भिंतीत शिरता आलं असतं तर तो शिरला असता. नवा रंगही नीट वाळला नव्हता. टीना पोहे घेऊन आली, सगळे तिच्याकडे बघत असताना आतून गुड्डू आला आणि सरळ ओमेशच्या मांडीवर जाऊन बसला.

घनश्यामजींनी फाइल उघडली. चुन्नीलालजींनी ती बघितलीही नाही. ते म्हणाले, भाची सांगते की हा रोज याच्या पाया पडतो. सख्खा भाचा नाही तर कोणी पडते का? तेव्हा ओमेश उभा राहिला. आवाज ठरल्याप्रमाणे फाटला, पण त्याने सांगितलं. हे लेकरू शेजारच्या दुर्गाताईचं आहे. मीच खोटं बोललो. टीनाताईचा यात काही संबंध नाही. कशासाठी बोललो हे सांगताना त्याने प्रेरणाकडे पाहिलं नाही, तरी ज्याला कळायचं त्याला कळलं. चंद्रकुमारने खोकला काढला.

 म्हातारीने काठी जमिनीवर आपटली.

"असं म्हणते? मंग मार गा त्याले एक. आमच्या सामने मार. भाचा नाही न तुहा, मंग भेव कायचा?"

 तसं बघितलं तर काम सोपं होतं. चष्मा कुंडीत पेरणाऱ्या आणि वही बुडवणाऱ्या पोराला एक चापट, ती त्याची महिन्यापासून बाकीच होती. घनश्यामजींनी डोळ्यांनी खूण केली की मार एकदाचा. टीनाचं सगळं आयुष्य त्या एका चापटीवर येऊन थांबलं होतं. ओमेशने हात उचलला. गुड्डू त्याच्याकडे बघत होता. मामा आता काहीतरी गंमत करणार, अशा खात्रीने तो हसत होता.

ओमेशने हात खाली घेतला.

"नाही मारत," तो म्हणाला.

"काऊन?" म्हातारीने कारण विचारलं.

"त्यानं काय केलं, आजी? खोटं मी बोललो. मले मारा."

घनश्यामजींच्या मांडीवरची फाइल घसरली आणि पाच वर्षांची हजेरी पोह्यांत पडली. चुन्नीलालजी उठायच्या बेतात होते. तेवढ्यात टीना बोलली, आणि तिने पदर सावरण्याचंही सोंग केलं नाही.

"आजी, लेकराले मारूनच माह्यं खरं ठरत असन, तर मलेच नाही पाहिजे ही सोयरीक. पोहे खा अन जा."

म्हातारीने टीनाकडे एकदा पाहिलं. मग तिने गुड्डूला बोटाने जवळ बोलावलं.

"तुही माय कोण गा?"

"दुर्गा," गुड्डू म्हणाला. "कोमाऱ्याले गेली. बाबाले भेटाले."

"अन हे कोण होय?"

गुड्डूने टीनाकडे बघितलं. "टीनामावशी. हे मले शेव नाही देत."

म्हातारी आपल्या मुलाकडे वळली. तीन दिवसांपासून तुम्ही बाप-लेक फोनवर फोन करून राहिले, हा भला माणूस फाइली बांधून राहिला, आणि या पोट्ट्याले विचाराचं कोणाले नाही सुचलं, असं तिने ज्या शब्दांत सांगितलं ते शब्द इथे लिहिता येणार नाहीत. लेकरू आईचं नाव चुकत नाही, एवढं तिचं म्हणणं होतं. चुन्नीलालजी परत खाली बसले. मग म्हातारीने टीनाला विचारलं की तुला आमचा पोरगा पसंत आहे का, कारण आता विचारायची वेळ आमच्यावर आली आहे. टीनाने चंद्रकुमारकडे पाहिलं. तो कोणाचं लक्ष नाही असं समजून आपल्या बशीतली शेव गुड्डूच्या हातावर ठेवत होता. टीना म्हणाली, "बरा आहे."

निघताना चपला घालायच्या गडबडीत प्रेरणा दाराशी थांबली. ओमेश तिच्या समोरच होता, कडेवर गुड्डू.

"माह्यासाठी केलं होतंस हे सारं?" तिने हळूच विचारलं.

ओमेशने खरं ते सांगितलं. सवय नव्हती, तरी सांगितलं.

"सुरुवातीले."

दुर्गाताईची बस उशिरा आली. झालं त्यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. तिने येऊन विचारलं की गुड्डूने त्रास तर नाही दिला, आणि घरातले सगळे एका आवाजात नाही म्हणाले. उद्या दुकानाला सुट्टी आहे, तेव्हा उद्या मीच त्याला आणते, तू आराम कर, असं ती म्हणाली. ओमेश म्हणाला, नको, मीच आणीन.  त्याआधी चुन्नीलालजींची गाडी वळणावरून गेली तेव्हा प्रेरणाने मागच्या काचेतून वळून पाहिलं की नाही, हे त्याला कोणी नंतर विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. तो त्या वेळी गुड्डूचं नाक पुसत होता.